म्हशीचं दावं

ओल्या काथ्याच्या दोराचा वास आला की आजही माझं डोकं फिरतं.

मी नऊ वर्षांची होते. पंचगंगेचं पाणी गोठ्यात शिरलं, तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे बाबांनी, जे आमच्या चर्चचे पाळक होते, पवित्र शास्त्र आणि प्रभुभोजनाचा प्याला नावेत आणला. म्हशीचं दावं सोडायचं राहिलं. पूर ओसरल्यावर ती खुंट्यालाच मरून पडलेली दिसली.

"रडू नगंस," बाबा म्हणाले. "देव सगळी सृष्टी नवी करणार हाय."

"म्हस बी?"

"व्हय की. म्हस बी."

तेव्हा मला केवढा धीर आला होता! देवाच्या त्या वचनावर माझा आजही विश्वास आहे. पण "इसरलो गं पोरी," एवढं बाबा मरेपर्यंत म्हणाले नाहीत.