वेगळ्या चुलीची लाईट

बाबा गेले त्या वर्षी काकांनी घराच्या मधोमध मातीची भिंत घातली. छप्पर एकच राहिलं, चुली दोन झाल्या. आमच्या बाजूला आई, मी आणि रॉकेलची चिमणी. रेशनचं रॉकेल बंद झालं तशी चिमणीही गेली. दिवस बुडायच्या आत आई भात रांधायची, तेंदूपानांचे पुडे बांधून घ्यायची. त्यानंतर काही करायचं नसायचं. पावसाळ्यात पाय खाटेवर घेऊन बसायचो, कारण खाली साप आहे की दोरी हे कळायचं नाही.

मोठ्या लाईनच्या तारा जंगलाच्या कडेलाच थांबल्या होत्या. मग आमच्या टोल्यानं, म्हणजे जंगलातल्या आमच्या वस्तीनं, विजेसाठी स्वतःची संस्था काढली. गायरानावर सौर पाट्या बसवल्या, एका खोलीत बॅटऱ्या ठेवल्या. मालक कोणी शेठ नाही, सगळे सभासदच मालक. एका सभासदाला एक जोडणी आणि एक मत. साठेल तेवढी वीज सर्वांना सारखी. वाट्यापेक्षा जास्त ओढली की त्या घरचं मीटर आपोआप बंद पडतं. आटाचक्की फक्त दुपारी, ऊन कडक असताना. आणि नवा सभासद आला की प्रत्येकाचा वाटा थोडा बारीक होतो. सगळी भांडणं इथूनच निघतात.

पाट्यांचे खांब रोवायला आईनंही खड्डे खणले होते. पण जोडणी एकच आली, काकांच्या नावानं. घर एक, म्हणून सभासद एक.

मी तेव्हा गोंदियाजवळच्या कुडव्यात खोली करून कॉलेज करत होते. बी.ए. झाले. आमच्या घरात माझ्याआधी दहावीसुद्धा कोणी झालेलं नाही. मी हे अभिमानानं सांगते. निकाल घेऊन गावी आले आणि त्याच आठवड्यात संस्थेची सभा होती. आई मागे बसली होती. मी उभी राहिले.

"आईला सभासद करा."

काका चिडले. "काऊन? माया मीटरवरून एक वायर घेऊन घे म्हटलं होतं ना वहिनीले!"

"घेतली असती, भाऊजी," आई बसल्या जागेवरून म्हणाली. "पन बटन तं तुमच्याच हातात राहिलं असतं."

अध्यक्ष हसले. "कॉलेजात जाऊन आता आमाले घरं मोजाले शिकवून राहिली काय, पोरी? तुया आईले घेतलं तं उद्या पुरा टोला येगळ्या चुली मांडन."

लोकही हसले. मला राग आला, पण मी रागानं बोलले नाही. विचारलं, "तुमच्या मुलीच्या लग्नात आमच्या घरी चूलबंद आवतनं किती दिली होती?"

आमच्याकडे चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या सगळ्यांना जेवण, त्या दिवशी चूल पेटवायची नाही. हे आवतन चुलीला देतात, छपराला नाही.

अध्यक्षांनी काकांकडे बोट केलं. "दोन," म्हणाले. "एक याले, एक वहिनीले."

"कायले दोन?" मी विचारलं. "घर तर एकच."

मागून कोणीतरी ओरडलं, "आहेर दोन घेतले ना बापा, मंग वाटे बी दोन करा!"

हात वर झाले. थोड्याच मतांच्या फरकानं ठराव पास झाला. काकांचा हात खालीच होता.

आनंद कोणालाच झाला नाही. सगळ्यांचा वाटा कमी झाला, चक्की लवकर बंद व्हायला लागली, आणि हातपंपावर बायका आईला ऐकू जाईल असं बोलायच्या. काकांनी बोलणं टाकलं. धानाच्या रोवणीला दोन्ही घरं मिळून उतरायची, तेही थांबलं. त्या पावसाळ्यात बांधापलीकडे काकांची माणसं आणि अलीकडे आम्ही दोघीच, दिवसभर वाकलेल्या. कोणी मान वर केली नाही.

आज आई त्या संस्थेची सभासद आहे. जोडणी तिच्या नावावर आहे आणि सभेत तिचं स्वतःचं एक मत आहे.