सगळ्या चाचण्या पास झालेली गिटार

आमच्या कंपनीच्या वार्षिक समारंभात माझं काम ठरलेलं असे. लॉनच्या फाटकाशी टेबल टाकून जेवणाची कुपनं वाटायची. आत स्टेजवर बँड वाजायचा, लोक शिट्ट्या मारायचे आणि मी बाहेर ‘व्हेज की नॉनव्हेज’ विचारत बसायचो. सलग चार वर्षं. पाचव्या वर्षी हिंजवडीच्या बसमध्ये आमच्या बँडचा म्होरक्या माझ्या शेजारी कुरकुरत होता, की बेस गिटार वाजवणारा बंगळूरला बदलून गेला, आता काय करायचं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “कॉलेजात मी वाजवायचो की.”

कॉलेजात मी बेस वाजवणाऱ्याच्या शेजारच्या खोलीत राहायचो. संबंध एवढाच.

“सॉलिड! स्वतःची आहे ना?”

“म्हणजे काय!”

झालं. आता गिटार पैदा करणं आलं. दुकानात नव्या बेसची किंमत ऐकली आणि म्हणालो, “जरा विचार करून येतो.” मी दारापर्यंत पोचायच्या आत मालकानं पंखा बंद केला. पुण्यात या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मग रविवारच्या पेपरात छोटी जाहिरात सापडली. ‘बेस गिटार, उत्तम स्थितीत. मुलगा परदेशी गेल्याने विकणे आहे. चौकशीसाठी चौकशी करू नये.’ पत्ता कसबा पेठेतला. फोन केला तर किंमत नव्याच्या पावपटही नव्हती. असं काही स्वस्त मिळालं की शहाणा माणूस थबकतो. मी टेस्टर असल्यामुळे थबकलो नाही, चेकलिस्ट बनवली. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढण्याचा मला पगार मिळत होता. इंटरनेटवरून गोळा करून जुनी गिटार घेताना तपासायच्या सगळ्या गोष्टी मी ओळीनं लिहिल्या, पुढे ‘पास’ आणि ‘फेल’चे रकाने आखले आणि ऑफिसच्या प्रिंटरवर पाठपोट छापून घेतल्या.

विकणारे काका रिटायर्ड होते. गिटार त्यांनी दिवाणावर धुतलेली चादर घालून आडवी ठेवली होती. तिला गळ्यात अडकवायचा पट्टा नव्हता, तो मुलगा घेऊन गेला म्हणाले. मी तिच्यासमोर खुर्ची ओढून कागद काढले.

“हे काय?”

“चेकलिस्ट आहे, काका.”

“अहो, गिटार घेताय की फ्लॅट?”

मी दुर्लक्ष केलं. मान वाकलीय का? पास. खुंट्या फिरतात? पास. मानेवरचे धातूचे पडदे झिजलेत? नाही, पास. काकांच्या जुन्या स्टिरिओला वायर जोडून तारा एकेक छेडल्या. खरखर? नाही. तारा गंजल्या होत्या तेवढ्या, पण त्या ‘किरकोळ’मध्ये टाकल्या. मधे काकूंनी चहा आणला, तोही लिहिता लिहिता घेतला.

“सगळं ठीक आहे, मग इतकी स्वस्त का?” मी शेवटचा सापळा टाकला.

“महाग हवी असेल तर तसं सांगा. माझी हरकत नाही.”

पैसे देऊन, गिटार चादरीसकट स्कूटरवर बांधून मी विजयी वीरासारखा घरी आलो. (चादर परत आणून द्या, असा संध्याकाळी फोन आला.)

घरी आरशासमोर उभा राहिलो आणि गिटार पोटाशी धरली. काहीतरी विचित्र दिसत होतं. जाड तार वर असायला हवी, ती खाली. आवाजाची बटणं खाली असायला हवीत, ती कोपराला टोचत होती. आधी मी आरशाला दोष दिला. मग गिटार उलट फिरवून धरली, आणि सगळं जागच्या जागी आलं. फक्त माझे हात चुकीच्या बाजूंना होते.

गिटार डावखुरी होती. मी नव्हतो. दोन्ही बाजूंनी छापलेल्या चेकलिस्टमध्ये ‘ही कोणत्या हाताची आहे’ हा प्रश्न नव्हता.

दुसऱ्या दिवशी चादर आणि गिटार, दोन्ही घेऊन कसब्यात. काकांनी चादर घेतली.

“काका, तुम्ही सांगितलं नाहीत ही डावखुऱ्यांची आहे!”

“तुम्ही विचारलंत? दोन पानं प्रश्न होते तुमच्याकडे. शिवाय चहा डाव्या हातानं घेतलात. मी हिला म्हटलं, बघ, आपल्या मुलासारखाच डावखुरा मिळाला.”

“उजव्या हातात पेन होतं!”

“असेल. बरं, उजव्या हातानं वाजवता येते तुम्हाला?”

“अजून नाही.”

“डाव्या?”

“नाही.”

“मग तुमची तक्रार नेमकी कोणत्या हाताबद्दल आहे?”

मी गिटार घेऊन जिना उतरलो.

तारा काढून उलट बसवाव्यात असं ठरवत होतो, तेवढ्यात पहिल्या प्रॅक्टिसलाच म्होरक्यानं ती पाहिली. “अरे, तू लेफ्टी? डब्यातलं तर उजव्या हातानं खातोस.”

“आईनं लावलेली सवय,” मी म्हणालो. एका खोट्याला दुसरं इतक्या सहज जोडलं जाईल, असं मलाही वाटलं नव्हतं. आता तारा उलट करायची सोयही संपली. पुढचे दोन महिने मी रोज सकाळी, जो हात मला दात घासायलाही उपयोगी पडला नाही, त्यानं तारा छेडत होतो. पडद्यांवर स्टिकर लावून आकडे लिहिले. प्रॅक्टिसमध्ये मी हमखास मागे पडायचो, आणि म्होरक्या मोठ्या मनानं म्हणायचा, “बऱ्याच वर्षांची गॅप आहे ना, होतं असं.”

समारंभाच्या आदल्या दुपारी तो एका नव्या मुलाला घेऊन कँटीनमध्ये आला. नागपूरचा, त्याच आठवड्यात रुजू झालेला. तिकडे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा.

म्होरक्या माझ्याकडे न बघता म्हणाला, “वाईट वाटून घेऊ नकोस. उद्या हा वाजवेल. याची गिटार नागपूरला राहिलीय, तेवढी तुझी दे.”

मी प्रॅक्टिससाठी आणलेली गिटार पुढे केली. उद्याचं फाटक, टेबल, व्हेज, नॉनव्हेज, सगळं मला स्वच्छ दिसू लागलं. त्या मुलानं मी नवा घेतलेला पट्टा सफाईनं गळ्यात टाकला, बोटं ठेवली आणि थांबला.

“काहून भाऊ, ही तं उलटी हाय ना!”

“तारा बदलून लाव ना,” म्होरक्या म्हणाला.

मुलानं जाड तार नखानं खरवडली. बोटाला तांबूस भुकटी लागली. “इतक्या सडल्या हायत, की काढल्या तं तुटतीनच. आज तं दुकानं बंद, मंग जाड्या तारा उद्यापावेतो आणसाल कुठून?”

म्होरक्यानं माझ्याकडे पाहिलं. मी शक्य तितका डावखुरा चेहरा केला.

दुसऱ्या दिवशी स्टेजवर मी होतो. नागपूरचा मुलगा पहिल्या रांगेत बसला होता आणि माझ्यासाठी बोटांनी पडद्यांचे आकडे दाखवत होता. मला ते दिसायचे, कळायचे, आणि बोटांपर्यंत पोचेस्तोवर गाणं पुढे गेलेलं असायचं. तिसऱ्या गाण्यात त्यानं आकडे सोडून दिले आणि नुसतं डोकं धरलं. चौथ्याच्या शेवटी तो उठून उभा राहिला आणि दोन्ही हात जोरजोरात हलवू लागला. त्याला अखेर माझं वाजवणं आवडलं असं समजून मी आणखी जोर लावला.

गाणं केव्हाच संपलं होतं. बाकीचे तिघं वाद्यं खाली ठेवून माझी वाट बघत उभे होते.