खळ उतरवणारी पानं

केम गावच्या चांगुणाबाई बनसोडे लग्न होऊन सोलापुरात आल्या आणि एकवीस वर्षं त्यांनी टॉवेलच्या कारखान्यात मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. सुताला स्टार्चची खळ कशी लावतात, मागावरून उतरलेलं कापड पापडासारखं कडक का असतं आणि ती खळ काढायला किती गरम पाणी नि रसायनं लागतात, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. कारखाना बंद पडला तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या होत्या. शहराबाहेरच्या एका संशोधन संस्थेत झाडांची निगा राखायला बाई पाहिजे असं कळलं, आणि त्या कंत्राटावर तिथं लागल्या.

झाडं तंबाखूची होती, पण साधी नव्हती. गरम पाण्याच्या झऱ्यात राहणाऱ्या एका जिवाणूचं जनुक संस्थेतल्या अपेक्षा मॅडमनी त्यांच्यात घातलं होतं. तो जिवाणू स्टार्चचे तुकडे करणारं एक एन्झाइम तयार करतो. असली एन्झाइमं एरवी मोठमोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवून काढतात. तेच काम उन्हापाण्यावर वाढणाऱ्या पानांनी केलं तर स्वस्तात पडेल, असं मॅडमचं म्हणणं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी हे समजावून सांगितलं, तेव्हा चांगुणाबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हंजे ही पानं खळ खाणार की." एवढ्या सोप्या शब्दांत हे आपल्याला सांगता आलं नसतं, असं मॅडम पुढे अनेकांना सांगत.

झाडं जाळीच्या बंद घरात होती. आत जायला एकामागे एक दोन दारं. बदललेल्या झाडाचा पराग बाहेर जाता कामा नये, म्हणून नियम कडक होता: एकही फूल उमलू द्यायचं नाही. तीनशे झाडांच्या कळ्या रोज सकाळी खुडायच्या, पिशवीत बंद करायच्या आणि वहीत लिहायचं. सातवी शिकलेल्या चांगुणाबाईंचं अक्षर मोठं आणि गोल होतं. तीन वर्षांत त्या वहीतला एक दिवस कोरा राहिला नव्हता. रविवारी त्यांची सुट्टी असे, तेव्हा ऋतुराज हा मॅडमचा संशोधक विद्यार्थी कळ्या खुडायचा.

मे महिन्यातल्या एका रविवारी पहाटेच मोठं वादळ आलं. संस्थेजवळचा ट्रान्सफॉर्मर जळाला, रस्त्यावर झाडं उन्मळून पडली, आणि ऋतुराजला संस्थेपर्यंत पोचताच आलं नाही. सोमवारी सकाळी चांगुणाबाई आत गेल्या तर कोपऱ्यातली जाळी हातभर फाटलेली, आणि त्याच बाजूच्या झाडावर दोन गुलाबी फुलं उमललेली. एका फुलावर मधमाशी बसली होती.

त्यांनी दुसरी पिशवी आणून माशीसकट फुलं झाकून खुडली, तोंड बांधलं, फाटक्या जागी कापड ताणून बांधलं आणि ऋतुराजला बोलावलं.

ऋतुराज वाईट मुलगा नव्हता. पण पंधरा दिवसांवर पानांची तोडणी होती, त्याच्या प्रबंधाचं सगळं त्यावर अवलंबून होतं. त्यानं हिशेब मांडला की आसपास पन्नास मैलांत कुणी तंबाखू लावत नाही, पराग गेला तरी जाणार कुठं. जाळी शिवून घेऊ, फुलं खुडलीच आहेत, वहीत रोजच्यासारखं लिहू. चांगुणाबाईंनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं.

"सर, मी खुडलं म्हणून ते उमललंच न्हवतं, असं होत न्हाय," त्या म्हणाल्या. आणि पेन घेऊन वहीत लिहिलं: जाळी फाटली, फुलं दोन, मधमाशी एक.

त्यांना खरी भीती वेगळीच होती. शनिवारी संध्याकाळी त्याच दोन कळ्या त्यांच्या नजरेत आल्या होत्या. पिशवी बांधून झाली होती, बसची वेळ झाली होती, आणि रविवारी सर खुडतीलच असं म्हणून त्या निघून गेल्या होत्या. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मॅडमसमोर उभ्या राहून त्यांनी तेही सांगितलं. सांगणं सोपं नव्हतं, कारण कंत्राटाच्या बाईला घरी पाठवायला कुणाला फार विचार करावा लागत नाही, हे त्यांनी कारखान्यात पाहिलं होतं. मॅडमनी शेजारची खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "मावशी, बसा. आपण दोघी मिळून अहवाल लिहू."

संस्थेच्या जैवसुरक्षा समितीनं त्याच दिवशी बैठक घेतली. आजूबाजूच्या शिवाराची पाहणी करायची आणि सगळी झाडं तीन दिवसांत वाफेच्या बंद भांड्यात घालून नष्ट करायची, असं ठरलं. पानं मात्र तपासणीसाठी आतल्या आत काढून घ्यायला परवानगी मिळाली. पण ठेवणार कुठं? वीज नव्हती, जनरेटर जेमतेम वाफेच्या भांड्यापुरता होता, शीतखोली बंद होती, आणि ओल्या पानांचा ढीग त्या उकाड्यात दिवसभरात कुजला असता. ऋतुराज डोकं धरून बसला.

चांगुणाबाईंनी चाचरत विचारलं, पानं वाळवली तर? केमला त्यांची आई मेथी, शेपू सावलीत पसरून वाळवायची, ती वर्षभर टिकायची.

मॅडम आधी नाही म्हणाल्या. त्रेचाळीस अंशांच्या हवेत एन्झाइमची वाट लागेल, असं त्यांना वाटलं. मग त्या थांबल्या. ज्या जिवाणूचं हे एन्झाइम, तो उकळत्या पाण्याशेजारी राहणारा. त्याला सोलापूरच्या उन्हाळ्याचं काय?

दोन दिवस तिघांनी पानं तोडली. चांगुणाबाईंनी ती जाळीघरातल्या सावलीच्या रॅकवर एकावर एक न येऊ देता मांडली, लवकर वाळावं म्हणून पानाची मधली जाड शीर चिरली, सकाळ-संध्याकाळ उलटली. मधल्या वेळात जनरेटरवर चालणाऱ्या भांड्यात झाडांचे बुंधे स्वतःच्या हातानं घातले. रोपापासून पोसलेली झाडं. डोळे पुसायला हातमोजे काढावे लागत होते, म्हणून त्यांनी पुसलेच नाहीत.

सहाव्या दिवशी पानं चुरचुरीत झाली. मॅडमनी त्यांचा चुरा गरम पाण्यात भिजवला, शेजारच्या भांड्यात साध्या तंबाखूचा. दोन्हींत मागावरून उतरलेल्या कडक टॉवेलचे तुकडे टाकले. तासाभरानं धुऊन त्यांवर आयोडीनचा थेंब टाकायचा. स्टार्च उरला असेल तर डाग काळानिळा होतो. थेंब चांगुणाबाईंनीच टाकावा, असं मॅडम म्हणाल्या. साध्या तंबाखूतला तुकडा शाईसारखा निळा पडला. दुसऱ्यावरचा डाग पिवळसर राहिला. चांगुणाबाईंनी तो तुकडा बोटांत चोळून पाहिला. मऊ लागला.

"उतरली," त्या म्हणाल्या.

ऋतुराजनं सगळी मापं तीनदा घेतली. शीतखोलीतल्या पानांत पूर्वी जेवढं एन्झाइम सापडायचं, त्याच्या जवळपास तेवढंच वाळक्या पानांत टिकलं होतं. शिवाराच्या पाहणीत काही सापडलं नाही. चांगुणाबाईंचं कंत्राट समितीनं चालू ठेवलं, आणि अहवालात वाळवण्याच्या पद्धतीपुढे त्यांचं नाव लागलं.

हे एन्झाइम कारखान्यात पोचायला अजून कितीतरी परवानग्या आणि वर्षं लागतील. पण दिवाळीनंतर टॉवेलवाल्यांची एक तुकडी नवी झाडं बघायला आली, तेव्हा मॅडमनी माहिती सांगायला चांगुणाबाईंना पुढं केलं. त्या पंधरा मिनिटं बोलल्या, मागांवरच्या तेलुगू विणकरांकडून उचललेलं मोडकंतोडकं तेलुगूही मध्ये वापरलं. एकानं त्यांचं शिक्षण विचारलं. त्यांनी सातवी म्हणून सांगितलं, आणि पुढच्या रॅककडे वळून पान कुठल्या बाजूनं चिरायचं ते दाखवू लागल्या.