निळ्या पेन्सिलीच्या फुल्या

नागपूरच्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये गुरुवारी शेवटचा तास संगीताचा असे. वसू व्हायोलिन वाजवायची, मी पियानोवर तिला साथ करायची. एकदा तिनं गजाला लावायच्या रोझिनचा तांबूस तुकडा माझ्या तळहातावर ठेवला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "कुसुम, परदेशी खडीसाखर. चोखून बघ." मी तोंडात टाकला आणि तेवढ्यात सिस्टर आत आल्या. थुंकायची सोय नव्हती. सगळा तास ती कडू राळ गालात धरून मी पियानो वाजवला आणि वसूचा गज हसू दाबताना थरथरत राहिला.

गेल्या महिन्यात शिकागोजवळच्या शॉमबर्गहून तीच वसू फोनवर म्हणाली, "डॉक्टरांनी केमो बंद केली. आता एक चोरी परत करायची आहे. एकटीला लाज वाटते. तू ये."

चोरी म्हणजे एक व्हायोलिन. लग्न होऊन शिकागोला आल्यावर वसू दोन वर्षं एका बल्गेरियन प्रोफेसरांकडे शिकली. वापरायला म्हणून त्यांनी स्वतःचं व्हायोलिन तिला दिलं होतं. त्यांचं इंग्रजी मोजकं, चेहरा दगडासारखा. ती वाजवत असताना ते खिडकीकडे तोंड करून उभे राहत आणि तुकडा संपला की निळ्या पेन्सिलीनं तिच्या स्वरलिपीच्या वहीत फुली मारत. पहिल्या वर्षी चार-दोन फुल्या, दुसऱ्या वर्षी पानोपानी. आमच्या शाळेत फुलीचा अर्थ एकच होता. वसूनं जाणं बंद केलं. प्रोफेसरांचे दोन फोन आले, तेव्हा व्हायोलिन मागत असतील म्हणून नवऱ्याला "घरी नाही" सांगायला लावलं. मग लाजेत तीस वर्षं गेली. आता प्रोफेसर गेले होते आणि त्यांच्या शिष्यांनी, मुलीनं, नातीनं मिळून त्यांच्या आठवणीत कार्यक्रम ठेवला होता.

मी जर्सी सिटीला मुलाकडे राहते. नुअर्कहून शनिवारी सकाळचं विमान घेतलं; जाऊन-येऊन एकशे ऐंशी डॉलर, आधी घेतलं असतं तर स्वस्त पडलं असतं. अडीच तासांत शिकागो. घड्याळ एक तास मागे करायला विसरू नका. विमानतळावर वसूची मुलगी मीना गाडी घेऊन आली होती. ऑक्टोबरात तिकडचे मेपल बघायला लोक मुद्दाम जातात. मीही बघितले. लाल होते, एवढंच आठवतं.

दारात वसू उभी होती. डोक्याला रुमाल, अंगावर दोन स्वेटर.

"बघतेस काय? बारीक व्हायचं म्हणत होते ना जन्मभर. झाले."

मला हसता आलं नाही. तिला ते आवडलं नाही.

रविवारी तीनचा कार्यक्रम. हॉल एका चर्चच्या तळघरात होता, गाडीनं अर्ध्या तासावर. प्रवेश मोफत, दाराशी देणगीची पेटी. तुम्ही कधी अशा कार्यक्रमाला गेलात तर लवकर जा, पार्किंग मिळत नाही. बायकांनी घरून बनित्सा करून आणली होती, आपल्या खारीसारखे पापुद्रे आणि आत खारट चीज. भिंतीवर फोटो लावले होते. बल्गेरियात, सोफियाला प्रोफेसरांना शिकवणारे मिशीवाले गुरू, त्यांच्या शेजारी अर्ध्या चड्डीतले प्रोफेसर. मग त्यांची मुलगी एलेना पियानोपाशी. शेवटी नऊ वर्षांची नात, हातात पाऊण आकाराचं व्हायोलिन.

"नाव काय म्हणालात तिचं?" वसूनं बनित्सा वाढणाऱ्या बाईंना विचारलं.

"राया."

"राया!" वसू माझ्या कानात कुजबुजली. "लावणीतून उचललं की काय गं?" त्या दोन दिवसांत एवढंच आम्ही शाळेतल्यासारखं हसलो.

पांढऱ्या केसांच्या चार शिष्यांनी मिळून एक क्वार्टेट वाजवलं. मायदेश सोडताना एकेक वाद्य तेवढं घेऊन आलेली माणसं ही. कुणी टॅक्सी चालवली, कुणी इमारती पुसल्या आणि संध्याकाळी रियाज केला. वाजवताना मात्र त्यांच्या पाठी राजासारख्या ताठ होत्या. मग एलेना आणि रायानं त्यांच्याकडच्या एका नाचाची धून घेतली. वसू मांडीवर ठेका धरून बसली. "सात मात्रा. दोन, दोन, तीन. उलटा रूपक गं हा." ठेका बरोबर पडत होता. फक्त टाळीला आवाज नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर आम्ही एलेनासमोर व्हायोलिनची पेटी आणि वही ठेवली. वसूनं इंग्रजीत पाठ केलेली माफी मागितली. एलेना ऐकत नव्हती. तिनं वही उघडली होती आणि ती पानं उलटत होती.

"म्हणजे ती भारतीय मुलगी तुम्ही? एवढे सगळे ह! मला अख्ख्या वर्षात तीन मिळाले होते."

"ह?" मी विचारलं.

"हे अक्षर," तिनं एका फुलीवर बोट ठेवलं. "आमच्या लिपीत हा ह आहे. हुबावो. म्हणजे छान. पूर्ण शब्द लिहायचा बाबांना कंटाळा." मग ती वसूकडे वळली. "तुम्ही यायचं थांबवलंत तेव्हा त्यांनी दोनदा फोन केला होता. वसंतातल्या कार्यक्रमात तुम्हाला एकटीला उभं करायचं होतं. तुम्ही नाही म्हणालात, असं त्यांना वाटलं."

एलेनानं पेटी उघडून व्हायोलिन तिच्या हातात दिलं. वसूनं ते हनुवटीखाली धरलं, डाव्या हाताची बोटं तारांवर ठेवली आणि लगेच काढून घेतली.

"केमोनं बधिर झालीत. तार कळतच नाही."

एलेनानं व्हायोलिन ठेवून घेतलं नाही, पेटी आणि वही आमच्याच गाडीत परत आली. परतताना मीनानं आरशातून विचारलं, "मॉम, आर यू ओके?" वसू खिडकीबाहेर बघत होती. तिकडेच बघत मला मराठीत म्हणाली, "चुकाच असत्या तर बरं झालं असतं, कुसुम. मी चुकांशी जमवून घेतलं होतं."

परत येऊन दहा दिवस झाले. प्रवास कसा झाला, असं मुलगा विचारतो, मी "छान" म्हणते आणि मला त्या निळ्या फुल्या आठवतात. त्या हॉलमध्ये एका माणसाची विद्या चार पिढ्या चालत आलेली मी बघितली. त्या रांगेत वसूची जागा होती. फोटो लावायला पुढची भिंतही रिकामी होती.

काल तिचा फोन आला. आवाज फार खोल गेला आहे. म्हणाली, "तुझ्या ब्लॉगवर लिहून टाक. मीनाला मराठी वाचता येत नाही, म्हणजे कुणाला तरी तिच्याजवळ बसून वाचून दाखवावं लागेल." म्हणून लिहिते, तिच्याच शब्दांत.

व्हायोलिन रायाला. तिचा हात पूर्ण आकाराला पुरायला दोन वर्षं आहेत, तेवढी माझ्याकडे नाहीत, तर तोवर एलेनानं सांभाळावं. तळघरात ठेवू नये, लाकूड तडकतं. गजाचे केस बदलून घ्या, मगच मुलीच्या हातात द्या. वही मीनाला. तिला सूर वाचता येत नाहीत, न येऊ देत. एकेका फुलीवर बोट ठेव म्हणावं, आणि दर वेळी मोठ्यानं म्हण, हुबावो. राहिलेलं रोझिन कुसुमला. आणि चोखू नकोस म्हणावं.