आधी वाजवू, मंग बोलू

चहाचा कप हातात आला की मिस्त्री आधी त्याच्या कडेवर नखानं टिचकी मारत. खणकन वाजला तर पीत, बद्द वाजला तर परत. "तडा हाय ह्याला. बदल." आणि तडा असायचाच. वाजवून घेणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील, पण ती बहुधा माठापाशी थांबतात.

जालन्यात माझं स्पेअर पार्टचं दुकान, शेजारी त्यांची ग्राइंडिंगची मशीन. इंजिन खोललं की त्यातला झिजून लंबगोल झालेला क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, त्यांच्याकडे येई. ते तो घासून पुन्हा गोल करत. नव्या मापाची बेअरिंगं माझ्याकडून जात. पण घासण्याआधी क्रँक साखळीनं आढ्याला टांगायचा, हातोडीनं हलकेच ठोकायचा आणि मला हाक, "ताई, रेडू बंद!" की मी दुकानातला रेडिओ बंद करायचे. गिऱ्हाईक खर्च विचारू लागलं तर म्हणत, "आधी वाजवू, मंग बोलू."

एका लगीनसराईत घनसावंगीहून त्यांचा मेहुणा आला, आपल्या काळी-पिवळी जीपचा क्रँक घेऊन.

"दाजी, जल्दी करा. माझे पाशिंजर दुसरे जीपवालेच भरून राह्यले."

मिस्त्रींनी ठोकलं. आवाज बद्द. रॉकेल लावून पुसलं, वर खडूची पूड चोळली. पांढऱ्यावर केसाएवढी काळी रेघ उमटली.

"ह्यो बिलकुल चालनार न्हाई. भरल्या गाडीत तुटंल."

"लगीनसराईपुरता चालवतो की! घरच्यालाच कायदा का?"

"घरच्यालाच."

"मंग आना इकडं. दुसरीकडं घासतो."

मिस्त्रींनी क्रँक उचलून समोरच्या वेल्डिंगवाल्याकडे नेला आणि गॅस कटरनं दोन तुकडे करून आणला. "ने आता."

तुकडे तिथंच टाकून मेहुणा गेला. त्या भाऊबीजेला तो आला नाही. मिस्त्रींच्या बायकोनं ओवाळणीचं ताट तसंच झाकून ठेवलं.

"मिस्त्री, जरा गोडीनं सांगायचं होतं," मी म्हणाले.

"रुसायला जिता हाय न्हं, ताई? मंग बराबर हाय."

पण तेव्हा हातात आलेला चहा त्यांनी कप न वाजवताच प्यायला.

पुढच्या दिवाळीत मेहुणा आला. "दाजी, च्या पाजा," म्हणाला, तेवढ्यावरच मिटलं.

मिस्त्री गेले, मशीन विकली गेली. नंतर एकदा मेहुणा कुठूनतरी जुना क्रँक घेऊन माझ्याकडे बेअरिंगं घ्यायला आला. मी माप विचारलं. उत्तर न देता त्यानं क्रँक दोरीनं शटरच्या हुकाला टांगला, पान्हा उचलला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी रेडिओ बंद केला.