मामाच्या घरचा नारळ, पेठेच्या गोलात

दत्तूचा निरोप आला, "इंदूच्या लग्नात मी तिच्या पाठीशी उभा राहणार नाही," आणि मी परातीतलं पीठ तसंच सोडून उठले. दत्तू माझा भाऊ. एकच आहे. नगरला त्याचं सायकलींचं दुकान आहे. इंदू माझी थोरली, तिची सोयरीक नगरातच जमली होती. आता अंतरपाट धरल्यावर नवरीच्या पाठीशी मामा नसला तर मांडवातली माणसं काय अक्षता टाकतील? कुजबुजतच बसतील. मुलाचे वडील गणपतराव, त्यांनीही कळवलं होतं की मामा कबूल झाल्याशिवाय आम्ही तिथी काढत नाही.

भांडण कशावरून, तर फुटबॉलवरून. हसू नका. मी तेव्हा हसले नव्हते.

नगरात दोन क्लब आहेत, वेस क्लब आणि पेठ क्लब. आमचा दत्तू वेस क्लबचा कारभारी. आणि जावई होणारा वसंता पेठ क्लबचा गोलकीपर. इंदूचे वडील, म्हणजे आमचे घरचे, आणि धाकटे दीर जाऊन मुलगा पाहून आले होते. पत्रिका पाहिली, घर पाहिलं, आडाचं पाणीसुद्धा चाखलं. मुलगा चेंडू कुठल्या बाजूनं अडवतो, हे तेवढं विचारायचं राहिलं. घरचे म्हणाले, "पत्र लिहू या दत्तूला." मी म्हटलं, "पत्र लिहून तो ऐकतोय व्हय! मी जाते." त्यांना बरंच वाटलं. भांडायची कामं आमच्यात माझ्याकडेच असतात.

ज्यांना नगरला जायचं असेल त्यांनी माझं ऐका. बेलापुरातून स्टेशन लांब आहे, बैलगाडी पहाटेच जुंपा. लढाई संपली तरी गाडीतली गर्दी संपलेली नाही. बायकांच्या डब्यात शिरायचं तर गाठोडं आधी आत फेका आणि मग आपण चढा. गाठोडं बसलं की त्याच्या शेजारी जागा होतेच. भाकरी घरून न्या. आणि पाणी भरून घ्या. राहुरीला हिंदू पाण्याचा माठ कोरडा पडला होता, मुसलमान पाण्याचा भरलेला होता. मी त्यातलं प्यायले. गार होतं.

प्रवरेचा पूल ओलांडताना बायका खिडकीतून नदीत पैसा टाकतात. मीही टाकला आणि म्हटलं, बाई, दत्तूला अक्कल दे.

माझ्यासमोर नगरची एक मण्यारीण बसली होती, पुणतांब्याला लेकीकडे जाऊन परत निघालेली. मांडीवर बांगड्यांची पेटी. तिला सगळं सांगितलं. गाडीत बसलं की आपण सांगतोच. ती म्हणाली, "उद्याच मॅच हाय की त्यांची! बरोबर त्याच टायमाला निघालात, आक्का."

"तुमाला ठाऊक हाय व्हय हे येड?"

"न्हाई कसं? वेशीकडं गेले की लाल बांगड्या काढायच्या, पेठेत गेले की पिवळ्या. चुकून पेठेत लाल काढल्या तर पाणीबी इचारत न्हाईत. मॅचच्या हप्त्यात लई खपतात पर." मग तिनं माझा हात ओढला आणि हिरव्या भरल्या. "तुमी या घाला. हिरवा कुनाचाच न्हाई."

वांबोरीच्या पुढं चढ लागतो. गाडी धापा टाकते, धूर आत येतो, डोळ्यांत कोळसा जातो. चोळू नका, पाणी मारा. नगर स्टेशनला उतरलं की टांगेवाले अंगावर येतात. भाडं आधी ठरवा आणि कुठे जायचं ते दरडावून सांगा. माझा टांगेवाला म्हणाला, "वेशीकडं? मग लाल वाल्यांकडं म्हना की." मी म्हटलं, "सायकलच्या दुकानाकडं. रंग तुझ्याजवळ ठेव."

दत्तूनं मला पाहिलं आणि हातातलं चाक फिरवतच राहिला.

"आक्का, त्याच विषयावर आली असशील तर चहा पी आणि जा."

"चहा तर पिनारच. तू वर तोंड कर आधी."

चहा गुळाचा. साखर रेशनवर, ती पाहुण्यांना, मी बहीण. त्याची बायको शांता गरीब आहे बिचारी, ती दारामागून खुणा करत होती की आत्ता नको, आत्ता नको. पण मला थांबता येत नाही. मी म्हटलं, "चेंडूपायी भाचीचं लगीन मोडतोस? लाज न्हाई वाटत?"

तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. नुसता चेंडू नव्हता. हा वसंता शाळेत होता तेव्हा त्यांचं बिऱ्हाड वेशीकडं होतं. दत्तूनंच त्याला गोलात उभा केला. रोज सकाळी मैदानावर नेऊन, स्वतः चेंडू मारून मारून, त्याला झेप घ्यायला शिकवलं. बुटांची जोडीसुद्धा आपली दिली. मग गणपतरावांनी पेठेत घर घेतलं आणि वसंता पेठ क्लबात गेला.

"सांगायलासुद्धा आला नाही, आक्का. मॅचच्या दिवशी मी पाहतो तर समोरच्या गोलात हा उभा. माझे बूट घालून." दत्तूनं हातातलं चाक खाली ठेवलं. "पोराला पोटच्यासारखा धरला होता. आणि आता याच्यापुढं मी भाची घेऊन उभा राहू?"

मी त्या दिवशी तो विषय पुन्हा काढला नाही. हे माझं क्वचित होतं. रात्री शांतानं बाजरीची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. चांगलं होतं, पण मी अर्धी भाकरी टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅच. मी संध्याकाळच्या गाडीनं परत निघणार होते, म्हणून शांतानं निघतानाच माझी ओटी भरली. खण, तांदूळ, नारळ. नारळाला कुंकवाची दोन बोटं ओढलेली. ते सगळं पिशवीत घातलं आणि दत्तू मला म्हणाला, "टांग्यात बसून लांबून बघ, मॅच संपली की हाच टांगा स्टेशनला नेईल." मला वाटतं, वाटेत मी आणखी बोलू नये म्हणून तो स्वतः सायकलवरून पुढे गेला.

मैदान वेशीबाहेर. झाड म्हणून एका टोकाला दोन बाभळी, त्यांच्या सावलीत टांगा उभा केला. बाया नाहीतच. एका बाजूला लाल सदरे, एका बाजूला पिवळे, आणि मध्ये धुरळा. माणसं अशी ओरडत होती की मला वाटलं, मॅच सुरू झाली. झालेली नव्हती. टांगेवाल्यानं सांगितलं, "आदी दोनी क्लब आपापल्या गोलाच्या खांबापाशी नारळ फोडतात. त्याबिगर गोली उभा राहत न्हाई. असा रिवाज हाय."

लांबच्या गोलाकडचा नारळ फुटला. आमच्या जवळच्या गोलात नुसती गडबड. वेळ चालला. माझं लक्ष स्टेशनकडे. गाडी काय माझ्यासाठी थांबणार होती? शेवटी मी टांग्यातूनच हाक मारली, "अहो, काय झालं तिकडं?"

एक उंच पोरगा आला. अंगात तपकिरी स्वेटर, हातात नारळाची वाटी. "मावशी, नारळ नासका निघाला. दुसरा आणायला बाजारात माणूस धाडलाय."

"बाजारातनं नारळ येईस्तवर माझी गाडी पुणतांब्याला पोचंल," मी म्हटलं आणि पिशवीतला नारळ काढून त्याच्या हातात दिला. "हा घे. फोड एकदाचा."

तो बघतच राहिला. "ओटीतला दिसतोय, मावशी."

"मग काय वास येतोय का त्याला? फोड!"

त्यानं नारळ कपाळाला लावला आणि पळाला. फोडला. चांगला पांढराशुभ्र निघाला, मला लांबून दिसला. मी मोकळी झाले.

खेळ मला समजला नाही, खोटं कशाला सांगू. लाल वाले एवढ्या वेळा चाल करून आले की गोल झालाच म्हणून मी टांग्यात उभी राहायची, आणि दर वेळी तो स्वेटरवाला मातीत आडवा पडलेला आणि चेंडू त्याच्या पोटाशी. टांगेवाला म्हणायचा, "ह्याच्या आईनं काय खाल्लं हुतं कुनास ठाऊक!" निम्म्यात बाजू बदलतात, तसे सगळे तिकडचे इकडे आले. स्वेटरवाला जाताना खांबाजवळच्या वाट्या रुमालात बांधून पलीकडच्या गोलात घेऊन गेला. ते पाहून मला जरा हसू आलं.

ऊन उतरलं. माझी गाडीची वेळ झाली. मी टांग्यातून उतरले आणि रेषेच्या कडेकडेनं पलीकडे दत्तूपाशी गेले, म्हटलं, हो-नाही काय ते एकदा तोंडावर ऐकून जाते. माणसं बघायला लागली. बघू देत. दत्तू गोलाच्या जवळच उकिडवा बसला होता. मी बोलणार, तेवढ्यात शिट्टी वाजली आणि लाल वाले नाचायलाच लागले.

"पेनल्टी, आक्का! गप्प बस. आता एकटा आमचा आणि एकटा तो."

मैदान एकदम चिडीचूप. लाल सदऱ्यातल्या पोरानं पळत येऊन चेंडू मारला. स्वेटरवाला डावीकडे झेपावला, बोटांची टोकं लागली, चेंडू खांबाला आपटून बाहेर.

आणि माझ्या शेजारून आवाज आला, "वा रे माझ्या पठ्ठ्या!"

दत्तू बोलला होता. वेस क्लबचा कारभारी. आजूबाजूचे सगळे लाल सदरे वळून त्याच्याकडे पाहायला लागले. त्यानं टोपी काढून झटकली, परत घातली, पण बोललेलं काय परत घालता येतं?

थोड्या वेळानं मॅच संपली. गोल कुणाचाच नाही. दोन्हीकडचे चिडलेले आणि दोन्हीकडचे सुटलेले. स्वेटरवाला रुमाल सोडत थेट माझ्याकडे आला. कोपर सोललेलं, केसांत माती. खोबऱ्याचा तुकडा पुढे धरला. "मावशी, तुमच्या नारळानं राखलं बघा."

दत्तू ताडकन उठला. "तुमचा नारळ? कुठला नारळ, आक्का?"

"शांतानं ओटीत घातलेला. ह्याला दिला."

"ह्याला? अगं, हाच तो वसंता!"

मॅचभर माझं चित्त गाडीच्या वेळेत, हा गोली कोण हे डोक्यात आलंच नव्हतं. मी पोराकडे पाहिलं. पोरानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या लक्षात यायला वेळ लागला नाही, कारण कानापर्यंत लाल झाला आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मग उठला नाही. तसाच सरकून दत्तूच्या पायांशी गेला.

"तेव्हा सांगायला आलो नाही, दादा. तुम्ही रडाल असं वाटलं, म्हणून आलो नाही."

"मी कशाला रडतोय?" दत्तू म्हणाला, आणि टोपीनंच डोळे पुसले.

"मारणारा पळत येताना कुठं बघतो ते बघ, तुम्हीच सांगितलं होतं. आज तेच बघितलं."

"सांगितलं होतं. माझ्याच पोरांवर चालव असं नव्हतं सांगितलं."

एवढ्यात पिवळा फेटा बांधलेले गणपतराव आले. त्यांनी करवंटीवरचं कुंकू पाहिलं, सगळं ऐकलं आणि मोठ्यानं म्हणाले, "मामाच्या घरचा नारळ, मुलीच्या आईनं साऱ्या नगरासमोर नवऱ्या मुलाच्या हातात दिला. आमच्याकडं याला सुपारी फुटली म्हणतात, दत्तोबा."

"अहो, हिनं चुकून दिलाय!"

"चुकून न्हाई," मी म्हटलं, "घाईनं. आता हे खोबरं तोंडात घाल."

दत्तू खोबऱ्याकडे पाहत राहिला. तिथला रिवाज असा की गोलापाशी फुटलेल्या नारळाचं खोबरं आपल्याच क्लबानं खायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही आणि दुसऱ्यानं घ्यायचं नाही. मागे लाल सदरे उभे, पुढे पिवळे. इंदूचं लग्न त्या एवढ्याशा तुकड्यावर येऊन बसलं होतं. मला तर वाटलं, धरून कोंबावा.

"नारळ माझ्याच घरचा आहे ना?" दत्तूनं विचारलं.

"तुझ्याच."

"मग घरचंच खातोय." आणि खाल्लं.

मी तिथेच मैदानात बसले. दत्तू चावता चावता म्हणाला, "उभा राहीन. पण लाल फेटा बांधून."

"खुशाल बांधा," गणपतराव म्हणाले. "आमची वऱ्हाडी मंडळी पिवळे बांधतील."

"बांधा रे बाबांनो," मी म्हटलं. "कुंकू लाल, हळद पिवळी. लग्नात दोन्ही लागतं."

गाडी केव्हाच गेली होती. गेली तर गेली. टांगेवाला मात्र वैतागला होता, त्याला शांताकडे नेऊन साखरेचा चहा पाजला. त्या दिवशी साखर निघाली. दत्तूला क्लबातले दोघेतिघे जाब विचारायला आले, त्यांनाही पाजला. "कारभारी, पेठवाल्याला वा म्हणालात!" असं ते म्हणत होते, आणि दत्तू म्हणत होता, "शिकवलाय कुणी?" रात्री भरीत कालचंच, पण मी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

सकाळच्या गाडीला गर्दी कमी असते, परतताना तीच धरा. खिडकी मिळाली. चढ नाही, उतार, त्यामुळे धूरही कमी. वांबोरी कधी गेली कळलं नाही, कारण मी झोपले होते. निरोप आल्यापासून डोळ्याला डोळा लागला नव्हता. प्रवरेच्या पुलाचा खडखड झाला तेव्हा जागी झाले, नदीत पुन्हा एक पैसा टाकला. आता मागायचं काही नव्हतं.

लोक विचारतात, नगरला काय पाहिलंस? किल्ला पाहिला नाही, बाजारसुद्धा नाही. मैदान पाहिलं. मोठी मोठी माणसं सदऱ्याच्या रंगावरून एकमेकांचं पाणी का तोडतात, हे मला अजूनही कळलेलं नाही, कळायचंही नाही. पण भाऊ त्या पोराला पठ्ठ्या म्हणाला, ते त्यानं न ठरवता म्हटलं, तेवढं मला पुरलं.

घरी आले तर घरचे ओसरीवर तोंड पाडून बसलेले. "मामा उभा राहतोय, जेवून घ्या," म्हटलं, तर माणूस उठून विहिरीवर अंघोळीलाच गेला. कालपासून केली नव्हती म्हणे.

इंदू चुलीपाशी होती. पाहुणे मुलगी पाहून गेले, तेव्हा मुलगा आलाच नव्हता, त्यामुळे हिनंही त्याला पाहिलेलं नव्हतं. माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे बघत, हळूच म्हणाली, "आई, तू पाह्यलंस ना त्यांना? कसे हायेत?"

मी नगराहून आणलेली त्या नारळाची करवंटी फडताळात ठेवली आणि म्हटलं, "पडतो लई. पर लगेच उठतो."