ओठ माझे, आवाज दुसरीचा

“तू फक्त ओठ हलव. आवाज आपण नंतर घालू,” मॅडम म्हणाल्या.

मी नववीत होते. मुळशी धरणाच्या काठाला आमची कातकरी वाडी. बाबा धरणात जाळं टाकतो. एका कंपनीनं आमच्या शाळेला दहा टॅब दिले होते, इंग्रजी बोलायच्या सरावासाठी. टॅबसमोर वाक्य बोलायचं. बरोबर आलं की हिरवं, चुकलं की लाल. ‘माय फादर कॅचेस फिश’, हे माझं वाक्य. मला ‘फिश’ म्हणता येईना, ‘पिस’ व्हायचं. महिनाभर नुसतं लाल. जेवणाच्या सुट्टीत पोरी खेळायच्या आणि मी टॅबला तोंड लावून बसायची. एक दिवस हिरवं आलं. घरी जाऊन आईला किती वेळा ऐकवलं. तिला अक्षर कळलं नाही. तरी ऐकत राहिली.

मग कंपनीची माणसं व्हिडिओ काढायला आली. मॅडम त्यांच्यातल्याच. सरांनी मला पुढं केलं. “हिनं लई मेहनत घेतली हाय, मॅडम.”

मी वाक्य म्हटलं. चुकलं नव्हतं. पण मॅडम कॅमेरावाल्याकडं बघून हसल्या. “चेहरा मस्त आहे, एकदम गावचा. पण हा अ‍ॅक्सेंट नको. लोकांना वाटेल, अ‍ॅप चालतच नाही.”

मॅडमची मुलगी गाडीत बसली होती. माझ्याच वयाची. तिच्याकडून माझं वाक्य मोबाईलवर बोलून घेतलं. ते वाजवलं. मला ओठ हलवायचे होते.

मी हलवले. लपवत नाही. सर बघत होते, सगळा वर्ग बघत होता. माझ्या तोंडातून दुसरीचा बाप मासे धरत होता.

“अजून एकदा. जरा हसून.”

मी तोंड मिटलं.

“काय झालं?”

“मला येतंय ते वाक्य,” मी म्हणाले. “माझा आवाज हाय.”

“अगं, तुमच्याच शाळेसाठी चाललंय सगळं.”

“मंग त्या ताईला उभी करा हितं. मी माझं तोंड देणार न्हाई.”

आणि जागेवर जाऊन बसले.

त्यांनी मी ओठ हलवलेला पहिलाच तुकडा वापरला. सर म्हणाले, “उद्या टॅब काढून नेले तर बाकीच्या पोरांनी काय करायचं?” मैत्रिणी आठवडाभर बोलल्या नाहीत. टॅब कुणी नेले नाहीत.

बाबानं शेजाऱ्याच्या फोनवर तो व्हिडिओ पाहिला. दोनदा पाहिला. “ह्यो तुजा आवाज न्हाई,” एवढंच म्हणाला आणि फोन परत दिला. मला कॅमेऱ्यासमोर रडू आलं नव्हतं. तेव्हा आलं.

आता मी कॉलेजात आहे. शनिवारी त्याच शाळेत टॅबचा सराव घ्यायला जाते. लाल आलं की पोरं गप्प होतात. मी टॅब बाजूला ठेवते आणि म्हणते, माझ्याशी बोला. बोलतात.

तो व्हिडिओ अजून कंपनीच्या पानावर आहे. काढून टाका म्हणून दोनदा लिहिलं. उत्तर नाही. कंपनीचं ऑफिस महाळुंग्याला आहे. येत्या सोमवारी मी तिथं जाणार. आत सोडलं नाही तर गेटवर उभी राहून बोलेन. इंग्रजीत बोलेन, जसं मला येतं तसं. व्हिडिओ काढून टाकेपर्यंत दर सोमवारी जाईन.